पाण्याचा अहवाल कोणी तपासायचा?



एकदा वर्गात हा प्रश्न विचारून बघा. "वार्षिक परीक्षेचा पेपर ज्याचा त्यानेच तपासायचा आणि मार्कही स्वतःच टाकायचे, चालेल का?" मुलं आधी खूश होतात. मग कोणीतरी हळूच म्हणतं, "सर, मग तर सगळेच पहिले येतील!" आजचा विषय इथूनच सुरू होतो. पाणीपुरवठा करणारी संस्था "आम्ही पाणी व्यवस्थित देतो" असा अहवाल स्वतःच लिहिते. मग तो पेपर तपासायचा कोणी?

शाश्वतता अहवाल म्हणजे काय?

जमाखर्च आपल्याला माहीत आहे. त्यात पैसा किती आला आणि कुठे गेला ते कळतं. शाश्वतता अहवालात पाण्याचा हिशोब असतो. जमिनीतून किंवा धरणातून किती पाणी उपसलं, गळतीत किती गेलं, घरात किती पोहोचलं, ते पिण्यालायक होतं का, पंपाला वीज किती लागली, सांडपाण्याचं काय केलं आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हा स्रोत पुढच्या पिढीला पुरेल का?

शहरात असा हिशोब महानगरपालिका, नगरपंचायत किंवा महाराष्ट्र जीवन प्राधिकरण ठेवतं. खेड्यात ती जबाबदारी ग्रामपंचायतीची आणि तिच्या पाणीपुरवठा व स्वच्छता समितीची असते.

आपल्या सेनगाव तालुक्यात शेवटचा प्रश्न जास्तच जिव्हाळ्याचा आहे. कयाधू आणि पैनगंगा या आपल्या नद्या. पण जमिनीखाली आहे बेसॉल्ट, म्हणजे काळा कातळ. त्यात पाणी साठतं ते भेगांत आणि झिजलेल्या थरात. दिवाळीत काठोकाठ भरलेली विहीर मे महिन्यात तळ दाखवू शकते. म्हणून अहवालातला आकडा कोणत्या महिन्यात मोजला हे विचारलंच पाहिजे. नोव्हेंबरचं माप खरं असलं तरी त्यावरून वर्षभराचं चित्र उभं करणं म्हणजे अर्धसत्यच.

'घोषित' आणि 'प्रमाणित' यातला फरक

याचं जवळचं उदाहरण म्हणजे जल जीवन मिशन. 15 ऑगस्ट 2019 रोजी त्याची घोषणा झाली तेव्हा देशातल्या 3.23 कोटी ग्रामीण घरांत नळ होता. उद्दिष्ट होतं 2024 पर्यंत प्रत्येक घरात नळ. पुढे 2025 च्या अर्थसंकल्पात ही मुदत 2028 पर्यंत वाढवली. नुसता नळ बसवून भागत नाही. माणशी दररोज किमान 55 लिटर पाणी, भारतीय मानक 10500 नुसार शुद्ध आणि नियमित मिळालं पाहिजे, अशी अट आहे.

या मिशनमध्ये 'हर घर जल' गावाचे दोन टप्पे आहेत. गावातल्या सगळ्या घरांत, शाळेत आणि अंगणवाडीत नळाचं पाणी पोहोचलं असं पाणीपुरवठा विभागाने कळवलं की गाव 'घोषित' होतं. त्यानंतर अभियंता काम पूर्ण झाल्याचा दाखला ग्रामसभेपुढे ठेवतो. एकही घर सुटलं नाही आणि पाणी नियमित व योग्य दर्जाचं मिळतं, असा ठराव ग्रामसभेने केला तरच गाव 'प्रमाणित' होतं. घोषित म्हणजे विद्यार्थ्याने स्वतः टाकलेले मार्क आणि प्रमाणित म्हणजे दुसऱ्याने तपासलेला पेपर. खानदेशाला लागून असलेला मध्य प्रदेशातला बुऱ्हाणपूर हा जुलै 2022 मध्ये देशातला पहिला प्रमाणित जिल्हा ठरला. ऑगस्ट 2022 मध्ये आपला शेजारी गोवा पहिलं प्रमाणित राज्य ठरलं. तिथल्या 378 गावांनी ठराव केले होते.

चांगल्या पडताळणीच्या तीन अटी

पहिली अट: तपासणारा त्रयस्थ हवा. ज्याने काम केलं, ज्याचं बिल त्यावर अवलंबून आहे किंवा ज्याने सल्ला दिला, त्यानेच तपासलं तर कुंपणाने शेत राखलं की खाल्लं हे कसं कळणार? जल जीवन मिशनमध्ये म्हणूनच त्रयस्थ तपासणीची तरतूद आहे. मोठ्या कंपन्यांसाठी 'सेबी'ने 2023 मध्ये असाच नियम आणला. पर्यावरणाच्या निवडक आकड्यांची बाहेरून खातरजमा करून घ्यायची, आणि त्या आकड्यांत पाण्याचा वापरही येतो. खातरजमा करणाऱ्याचे त्या कंपनीशी हितसंबंध नसावेत असंही त्यात सांगितलं आहे.

दुसरी अट: मोजपट्टी आधी ठरलेली हवी. "पाणी चांगलं आहे" हे वाक्य तपासता येत नाही. "फ्लोराइड लिटरला 1 मिलिग्रॅमच्या आत आहे" किंवा "नायट्रेट 45 मिलिग्रॅमच्या आत आहे" हे मात्र तपासता येतं.

तिसरी अट: नमुना प्रामाणिक हवा. सगळी घरं कोणी तपासू शकत नाही, म्हणून आपण शितावरून भाताची परीक्षा करतो. पण शीत कुठलं घेतलं? टाकीजवळच्या चार घरांत पाणी जोरात येणारच. खरी परीक्षा चढावरच्या, वस्तीच्या टोकाच्या आणि शेवटच्या नळाच्या घरात होते.

खात्रीच्याही पायऱ्या असतात

जगभर लेखापरीक्षक दोन प्रकारची खात्री देतात. एक मर्यादित खात्री. तिची भाषा साधारण अशी असते: "आम्ही पाहिलं तेवढ्यात चूक आहे असं काही नजरेस आलं नाही." दुसरी वाजवी खात्री: "आम्ही पुरावे तपासले आणि आमच्या मते ही माहिती महत्त्वाच्या सर्व बाबतींत बरोबर आहे." पहिलीत शिक्षक वही चाळतात, दुसरीत उदाहरणं पुन्हा सोडवून बघतात. अहवालाच्या शेवटी 'तपासले' एवढाच शिक्का दिसला तर कोणत्या प्रकारे तपासले, हे विचारायला शिका.

इथे एक मोठा गैरसमज दूर करू या. पडताळणी म्हणजे पाणी चांगलं असल्याचं प्रमाणपत्र नाही. अहवालात लिहिलंय ते खरं आहे, एवढंच ती सांगते. समजा, एखाद्या संस्थेने प्रामाणिकपणे लिहिलं की "आमच्या दहापैकी चार विहिरी उन्हाळ्यात आटतात." हा अहवाल पडताळणीत उत्तम उत्तीर्ण होईल! विहिरी मात्र आटलेल्याच राहतील. तरीही असा अहवाल सोन्यासारखा, कारण दुखणं खरं कळलं तरच औषध करता येतं.

एक खरं उदाहरण बघा. केंद्र सरकारने 2022 मध्ये नळजोडण्यांची प्रत्यक्ष पाहणी करून घेतली. 86 टक्के घरांत नळ चालू होते. त्यांपैकी 85 टक्के घरांना पुरेसं, 80 टक्के घरांना वेळापत्रकानुसार आणि 87 टक्के घरांना ठरलेल्या दर्जाचं पाणी मिळत होतं. आता शेकडेवारीचं गणित वर्गात घाला. 86 चे 80 टक्के म्हणजे जवळपास 69. म्हणजे नळ बसवलेल्या 100 घरांपैकी 69 घरांतच पाणी वेळेवर येत होतं. नोंदवहीत मात्र शंभरही घरांपुढे 'नळ आहे' असंच लिहिलेलं असतं. हा फरक पाहणीमुळेच दिसला.

आपल्या शाळेत काय करता येईल?

1. बादलीचं गणित: 15 लिटरची बादली भरायला किती मिनिटं लागतात ते मुलांनी आपापल्या घरी मोजावं. 3 मिनिटं लागली तर मिनिटाला 5 लिटर. पाच जणांच्या घराला दिवसाला 275 लिटर हवे, म्हणजे 55 मिनिटं नळ चालू राहायला हवा. आता खरोखर किती वेळ पाणी येतं ते आठवडाभर वहीत लिहा.

2. गावाचा नकाशा: टाकी, मुख्य पाइप आणि शेवटचा नळ दाखवा. मोजमापं नकाशावर मांडली की शीत कुठून घ्यायचं हे मुलं आपणच सांगतील.

3. तपासणी संच: जल जीवन मिशनमध्ये पाणी तपासण्यासाठी प्रत्येक गावात पाच महिलांना प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. त्यांना शाळेत बोलवा आणि शाळेच्याच नळाचं पाणी मुलांसमोर तपासू द्या. जिवाणू तपासणीच्या बाटलीतलं पाणी काळं पडलं तर ते पिऊ नये, हे मुलं जन्मभर विसरणार नाहीत.

4. कार्डाचा रंग: आपल्या राज्यात पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर पाण्याच्या स्रोतांचं स्वच्छता सर्वेक्षण होतं. त्यानुसार ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. आपल्या गावाचं कार्ड कोणतं आणि का, हे मुलांनी जलसुरक्षकाला विचारावं. टीसीएल पावडरची नोंदवहीही बघावी.

पालकहो, शेवटचं काम तुमचं. सेनगाव शहरात आता नगरपंचायत आहे, पण तालुक्यातल्या गावांत ग्रामसभा भरते. पाण्याचा ठराव वाचून दाखवला जातो, "मंजूर?" असं विचारलं जातं आणि हात वर होतात. तो वर झालेला हात म्हणजेच आपल्या गावाची स्वतंत्र पडताळणी. तो हात वर करण्याआधी एवढंच विचारा, "शेवटच्या घरात आणि शाळेच्या नळाला मे महिन्यात पाणी होतं का?" उत्तर 'नाही' असेल तर ते ठरावात तसंच लिहायला लावा. त्यात गावाची बदनामी नाही. खोटा 'हो' एकदा कागदावर गेला की काम पूर्ण झालं असं सगळे धरून चालतात, आणि घोट घेणारं लेकरू मात्र आपलंच असतं.

पेपर आपल्या पोरांचा आहे, तपासताना लाल पेन हातात घ्यायला लाजायचं कशाला?