डच भाषेची तोंडओळख : मराठीच्या वाटेने

परदेशगमन ही आता मध्यमवर्गीय कुटुंबालाही अपूर्वाईची गोष्ट राहिलेली नाही. उच्च शिक्षण आणि नोकरी यांच्या निमित्ताने घराघरांतील मुले-मुली देशोदेशी स्थायिक झाली आहेत. नेदरलँड्स हा त्यांपैकीच एक देश. आइंडहोवन शहरालगतच्या वेल्डहोवन येथे संगणकीय चिप बनविणाऱ्या यंत्रांच्या निर्मितीत अग्रगण्य असलेल्या एएसएमएल या कंपनीचे मुख्यालय आहे. अ‍ॅमस्टरडॅमजवळच्या अ‍ॅमस्टेलव्हेन या गावी तर भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती आहे. या तरुणांपाठोपाठ त्यांचे आईवडीलही ९० दिवसांपर्यंतच्या व्हिसावर तेथे जातात, नातवंडांना सांभाळतात, भाजी आणतात. नेमक्या याच वेळी त्यांची गाठ डच भाषेशी पडते.

डच ही जगात सुमारे अडीच कोटी लोकांची मातृभाषा आहे. नेदरलँड्सखेरीज बेल्जियमच्या उत्तर भागात आणि दक्षिण अमेरिकेतील सुरिनाम या देशातही ती राजभाषा आहे. महाराष्ट्राला हे लोक नवे नाहीत. १६३७ साली डचांनी वेंगुर्ल्यास वखार घातली होती आणि तिचे भग्नावशेष आजही तेथे उभे आहेत. आपल्या कार्यालयांत रोज उच्चारला जाणारा ‘बॉस’ हा शब्दही मूळचा डच ‘बास’. तो अमेरिकन इंग्रजीच्या मार्गाने आपल्याकडे आला.

इंग्रजी येत असता डच कशासाठी?

नेदरलँड्समध्ये बहुतेकांना उत्तम इंग्रजी येते, हे खरेच आहे. परंतु स्थानकावरील सूचना, औषधाच्या वेष्टनावरील मजकूर, शाळेची चिठ्ठी, नगरपालिकेचे पत्र आणि कर खात्याचा सुप्रसिद्ध निळा लिफाफा या सर्वांची भाषा डच असते. पत्राला ‘जरा इंग्रजीत सांगा’ असे म्हणता येत नाही. शिवाय ज्यांना तेथील एकात्मीकरणाची परीक्षा बंधनकारक आहे, त्यांच्यासाठी १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या कायद्याने भाषेची अपेक्षित पातळी सर्वसाधारणपणे ए-२ वरून बी-१ पर्यंत वाढविली आहे.

डच आणि इंग्रजी या सख्ख्या बहिणी असल्याने नवशिका साहजिकच प्रत्येक शब्द इंग्रजीच्या मापाने मोजू लागतो. ‘वाटर’ म्हणजे पाणी, ‘मेल्क’ म्हणजे दूध, ‘बूक’ म्हणजे पुस्तक, येथवर हे माप चालते. मात्र आकडे, घड्याळ, लिंग आणि आदरार्थी संबोधन या चार ठिकाणी इंग्रजी वाट चुकविते आणि मराठी वाट दाखविते. मराठी माणसाने डच शिकताना आपली मातृभाषा घरी ठेवून जाऊ नये, ती या कारणासाठी.

उच्चारांचा उंबरठा

डच शब्द देवनागरीत लिहिले तरी त्यांचा उच्चार अंदाजानेच कळतो. अखेरीस कान तयार करावा लागतो. तरीही तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. रोमन लिपीतील ‘जी’ हे अक्षर डचमध्ये सहसा ‘ग’ नसते. गझलगायक ‘खबर’ म्हणताना घशातून जो घासलेला ‘ख’ काढतात, त्याच्या जवळ जाणारा तो ध्वनी आहे. ‘जे’ या अक्षराचा उच्चार ‘य’ असा होतो. ‘यू’ हे अक्षर दीर्घ असता ओठ ‘ऊ’साठी गोल करून ‘ई’ म्हणावे, म्हणजे अपेक्षित स्वर निघतो. प, ट, क ही व्यंजने मात्र आपल्याप्रमाणेच, श्वासाचा झोत न सोडता उच्चारली जातात.

शिष्टाचाराचे पहिले शब्द

‘डाख’ हा शब्द भेटताना आणि निरोप घेताना, दोन्ही वेळी चालतो. सकाळी ‘खुडमॉर्खन’ म्हणावे, निघताना ‘टॉट झीन्स’, म्हणजे ‘पुन्हा भेटू’. ‘या’ म्हणजे होय आणि ‘ने’ म्हणजे नाही. ‘आल्स्टुब्लीफ्ट’ हा शब्द दुहेरी कामाचा आहे. काही मागताना तो ‘कृपया’ होतो आणि काही हाती देताना ‘हे घ्या’ होतो. क्षमा मागण्यासाठी ‘सॉरी’ तेथेही चालते.

आभार मानताना मराठी माणसाची सोय होते. ‘डांक उ वेल’ हे वडीलधाऱ्या किंवा अपरिचित व्यक्तीसाठी, तर ‘डांक ये वेल’ हे मित्रासाठी. यांतील ‘उ’ म्हणजे आपले ‘तुम्ही’ किंवा ‘आपण’, आणि ‘ये’ म्हणजे ‘तू’. इंग्रजीत एकाच शब्दाने भागत असल्याने इंग्रजी भाषकाला हा भेद नव्याने शिकावा लागतो. आपल्याला तो बाळपणापासून ठाऊक असतो. डच लोक ‘तू’वर आपल्यापेक्षा लवकर येतात, एवढाच फरक. नवशिक्याने ‘उ’पासून आरंभ करावा आणि समोरच्याने सुचविल्यावर ‘ये’कडे वळावे.

आकडे : एकक आधी, दशक नंतर

डच आकड्यांत एकक आधी आणि दशक नंतर येते. ‘ट्विन्टिख’ म्हणजे वीस, ‘फीर’ म्हणजे चार; म्हणून चोवीस म्हणजे ‘फीर-एन-ट्विन्टिख’, अर्थात चार आणि वीस. इंग्रजीतून विचार करणारा येथे अडखळतो, कारण कानी आधी ‘चार’ पडतात आणि हात आधी ‘४’ लिहून मोकळा होतो. परिणामी २४चे ४२ होतात. घर क्रमांक, दूरध्वनी क्रमांक आणि रक्कम यांत अशी अदलाबदल महागात पडू शकते.

मराठीची रीत मात्र नेमकी हीच आहे. एकवीस म्हणजे एक आणि वीस, बत्तीस म्हणजे दोन आणि तीस, पासष्ट म्हणजे पाच आणि साठ. आपणही एककच आधी उच्चारतो आणि तरीही लिहिताना चुकत नाही. डच आकडा ऐकताना तो मनात इंग्रजीत न आणता थेट मराठीत आणला, तर गोंधळ उरत नाही. अपवाद एकच. आपले एकोणतीस, एकोणचाळीस हे ‘एक उणा’ या पद्धतीचे आहेत. डचमध्ये २९ म्हणजे सरळ ‘नऊ आणि वीस’, ‘नेखन-एन-ट्विन्टिख’.

घड्याळ : ‘हाल्फ ड्री’ म्हणजे अडीच

‘ड्री’ म्हणजे तीन आणि ‘हाल्फ’ म्हणजे अर्धा. ‘हाल्फ ड्री’ म्हणजे किती वाजता? इंग्रजीच्या सवयीने तीन वाजून अर्धा तास, म्हणजे साडेतीन, असे वाटते. प्रत्यक्षात ती वेळ आहे अडीच. शाळा ‘हाल्फ ड्री’ला सुटते असे ऐकून एखादे आजोबा साडेतीनला पोचले, तर नातवंड तासभर दाराशी ताटकळत उभे राहील.

याचे उत्तरही मराठीतच आहे. ‘अडीच’ हा शब्द संस्कृत ‘अर्धतृतीय’ या शब्दापासून आला आहे. अर्धतृतीय म्हणजे दोन पूर्ण आणि तिसरा अर्धा. डच ‘हाल्फ ड्री’ची घडण हीच आहे : तिसरा तास अर्धा झाला. ‘दीड’साठीही डचमध्ये ‘आन्डरहाल्फ’ असा स्वतंत्र शब्द आहे. त्यातील ‘आन्डर’चा जुना अर्थ ‘दुसरा’ असा होता, म्हणजे ज्यातला दुसरा अर्धा आहे ते. आपण पुढे ‘साडेतीन’, ‘साडेचार’ अशी वाट बदलली; डच भाषा मात्र बाराही तास अर्धतृतीयाच्याच वाटेने चालत राहिली. म्हणून ‘हाल्फ फीर’ म्हणजे साडेतीन आणि ‘हाल्फ आख्ट’ म्हणजे आठ नव्हे, साडेसात. सव्वा आणि पावणे यांनाही शब्द आहेत : ‘क्वार्ट ओव्हर ड्री’ म्हणजे सव्वातीन, ‘क्वार्ट फोर ड्री’ म्हणजे पावणेतीन.

‘ड’ आणि ‘हेट’

डच नामापूर्वी ‘ड’ किंवा ‘हेट’ यांपैकी एक शब्द लागतो. बहुसंख्य नामांना ‘ड’ आणि उरलेल्यांना ‘हेट’ लागते. पूर्वी या भाषेतही मराठीप्रमाणे तीन लिंगे होती. त्यांतील पुल्लिंग आणि स्त्रीलिंग ‘ड’मध्ये मिसळून गेले, नपुंसकलिंग ‘हेट’च्या रूपाने टिकून आहे. गंमत अशी की घर, पुस्तक, मूल, पाणी आणि वर्ष ही मराठीतील नपुंसकलिंगी नामे डचमध्येही ‘हेट’ घेतात : हेट हाउस, हेट बूक, हेट किन्ट, हेट वाटर, हेट यार. मात्र हा योगायोग आहे, नियम नव्हे. आपले झाड आणि फूल नपुंसकलिंगी असले, तरी डच ‘बोम’ आणि ‘ब्लूम’ यांना ‘ड’ लागते. यासाठी प्रत्येक नाम त्याच्या ‘ड’ किंवा ‘हेट’सह पाठ करणे हाच खरा उपाय.

एक नियम मात्र पक्का आहे. शब्दाच्या शेवटी ‘ये’ हा प्रत्यय लागून लघुरूप झाले की त्याला नेहमी ‘हेट’ लागते. डब्याची डबी आणि पळ्याची पळी करणाऱ्या मराठी माणसाला लघुरूपांची गोडी सांगावी लागत नाही. तेथे कॉफीचा कप ‘कॉप्ये’ होतो आणि ‘क्षणभर थांबा’ यासाठी ‘मोमेन्ट्ये’ म्हटले जाते.

जोडशब्द उलगडावेत

लांबलचक डच शब्द पाहून घाबरू नये. ते समासाप्रमाणे सोडवावेत. ‘झीकन’ म्हणजे आजारी माणसे, ‘हाउस’ म्हणजे घर; म्हणून ‘झीकनहाउस’ म्हणजे रुग्णालय. ‘टान्टार्ट्स’ म्हणजे दातांचा डॉक्टर, आपला दंतवैद्य. ‘वोर्डनबूक’ म्हणजे शब्दांचे पुस्तक, शब्दकोश. आपण हाताला मोजा घालून ‘हातमोजा’ म्हणतो, तर डच माणूस हाताला जोडा घालून ‘हान्टस्खून’ म्हणतो. बटाटा म्हणजे ‘आर्डाप्पल’, शब्दशः जमिनीतले सफरचंद. ‘हाउसार्ट्स’ हा कुटुंबाचा डॉक्टर. तातडीचा प्रसंग नसेल तर रुग्णालयापूर्वी त्याच्याकडेच जावे लागते. त्याच्यापुढे ‘पैन’ म्हणजे वेदना आणि ‘कोर्ट्स’ म्हणजे ताप हे दोन शब्द उपयोगी पडतात. प्राणावर बेतल्यास ११२ हा क्रमांक फिरवावा.

पैशाचे शब्द

दुकानातील गल्ल्यावर प्रश्न ठरावीक असतात. ‘पिनन?’ म्हणजे कार्डाने पैसे देणार का, आणि ‘बॉनेट्ये?’ म्हणजे पावती हवी का. ‘रेकनिंग’ या शब्दाचे अर्थ दोन : उपाहारगृहात बिल आणि बँकेत खाते. त्यावरून बचत खाते ते ‘स्पाररेकनिंग’. ‘लेनिंग’ म्हणजे कर्ज, ‘बड्राख’ म्हणजे रक्कम, ‘फरझेकरिंग’ म्हणजे विमा, ‘बलास्टिंग’ म्हणजे कर. ‘हान्टेकनिंग’ म्हणजे सही. हात आणि रेखन मिळून झालेला हा शब्द आपल्या ‘हस्ताक्षरा’चाच भाऊबंद.

येथे दोन सापळे आहेत. पहिला ‘रेन्टे’ हा शब्द. इंग्रजीच्या मापाने तो घरभाडे वाटतो, पण त्याचा अर्थ आहे व्याज. भाड्याला ‘हूर’ म्हणतात. दुसरा सापळा विरामचिन्हांचा. डच लिखाणात हजारांच्या जागी टिंब आणि दशांशाच्या जागी स्वल्पविराम असतो. १.२५०,५० युरो म्हणजे एक हजार दोनशे पन्नास युरो आणि पन्नास सेंट. टिंबाला दशांशचिन्ह समजणाऱ्याला ही रक्कम सव्वा युरोची वाटेल.

पत्र आले की ‘आउटरलक’ हा शब्द प्रथम शोधावा. त्याचा अर्थ ‘उशिरात उशिरा’, आणि त्यापुढे मुदतीची तारीख असते. ‘आनमानिंग’ हा शब्द दिसल्यास ती थकबाकीची स्मरणसूचना आहे असे समजावे आणि पत्र बाजूला न ठेवता जाणकाराकडून त्याच दिवशी वाचून घ्यावे.

अभ्यासाची रीत

शब्दांची यादी घोकण्यापेक्षा प्रसंगानुसार शब्द शिकावेत. आज दुकान, उद्या स्थानक, परवा दवाखाना अशी वाटणी केली आणि रोज दहा शब्द घेतले, तर महिन्यात तीनशे शब्द होतात. प्रत्येक शब्द वहीत तीन रकान्यांत लिहावा : ‘ड’ अथवा ‘हेट’सह डच शब्द, देवनागरी उच्चार आणि मराठी अर्थ. तेथील अनेक सार्वजनिक ग्रंथालयांत नवशिक्यांसाठी संभाषणाचे ‘टालकॅफे’ भरतात. मुलांसाठी असलेले दूरचित्रवाणीवरील रोजचे बातमीपत्रही सोप्या भाषेत असल्याने ऐकण्याच्या सरावास उपयुक्त ठरते.

खरी अडचण निराळीच आहे. समोरची व्यक्ती अडखळते असे दिसताच डच माणूस सौजन्याने इंग्रजीवर येतो आणि सराव तेथेच थांबतो. अशा वेळी दोन वाक्ये तयार असावीत. ‘इक लेर नेडरलान्ट्स’, म्हणजे मी डच शिकतो किंवा शिकते आहे; आणि ‘कुन्ट उ वाट लांगझामर प्राटन?’, म्हणजे आपण जरा सावकाश बोलाल का? ही वाक्ये ऐकल्यावर बहुधा समोरचा माणूस थांबतो, हसतो आणि पुन्हा डचमध्ये, पण सावकाश बोलू लागतो.

पाऊणशे वयाच्या आजींनाही यातले काही अशक्य नाही. दीड, अडीच, चोवीस आणि पासष्ट हे आकडे त्यांनी आयुष्यभर वापरलेले असतात. परक्या भाषेतील आकडे आणि वेळा समजून घेण्याची किल्ली त्यांच्या पाठांतरातच आहे. कुलूप तेवढे नवे आहे.