उसण भरते तेव्हा कमरेत काय होतं?

सकाळी नळाला पाणी आलं, भरलेली बादली उचलायला वाकलं आणि कमरेत कचकन काहीतरी झालं, की कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत सल्ल्यांना तोटा नसतो. पायाळू माणसाचा पाय लावून घ्या, तालमीतल्या वस्तादांना दाखवा, पट्टा बांधा, एकदा एमआरआय काढूनच टाका. शेजारच्या काकू तर सिझेरियनच्या वेळी पाठीत घेतलेल्या इंजेक्शनपासून सुरुवात करतात. यातले काही सल्ले निरुपद्रवी आहेत, काही खिशाला चाट लावणारे, आणि एखाद-दुसरा खरोखर घातक. कंबर चालते कशी हे कळलं, की त्यातला कोणता ऐकायचा हे आपलं आपल्यालाच ठरवता येतं.

पाठीच्या कण्यात जन्मतः तेहेतीसच्या आसपास मणके असतात. मानेत ७, पाठीत १२, कमरेत ५. उरलेले खाली एकमेकांना जुळून त्यांचं त्रिकास्थी आणि माकडहाड होतं. कमरेचे पाच सगळ्यात जाडजूड, कारण वरचं सगळं ओझं त्यांच्यावर येतं. दोन मणक्यांच्या मध्ये गादी असते: बाहेर चिवट तंतूंची कडी, आत पाणी धरून ठेवणारा मऊ गाभा. मोठ्या माणसाच्या गादीच्या आतल्या भागात रक्तवाहिन्या नसतात. तिला पोषण मिळतं ते आजूबाजूच्या हाडातून झिरपून, आणि त्या झिरपण्याला हालचालीची मदत होते. आपण उभे राहतो, बसतो, तेव्हा गादीतलं थोडं पाणी बाहेर जातं. आडवे झालो की परत आत येतं. म्हणूनच सकाळी उठल्यावर आपली उंची रात्रीपेक्षा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरने जास्त भरते.

म्हणजे सकाळी गादी फुगलेली आणि ताठ असते, आणि त्याच वेळी वाकलं तर तिच्यावर ताण जास्त येतो. अमेरिकेत १९९८ साली झालेल्या एका प्रयोगात, कंबर जुनी दुखत असलेल्या लोकांनी पहाटे उठल्यावर वाकणं टाळलं तर त्यांचं दुखणं कमी झालं. आपल्याकडे वाकण्याची सगळी कामं नेमकी त्याच वेळेला: पाणी भरणं, केर काढणं, अंगणात सडा. आधी थोडं घरातल्या घरात फिरून, चहा घेऊन मग बादलीला हात घातला तर पाणी काही पळून जात नाही. (नळ जायची वेळ झाली असेल तर गोष्ट वेगळी.)

आता त्या बादलीचा हिशेब. पंधरा लिटर पाणी म्हणजे १५ किलो. वाकून, हात लांब करून ती उचलली तर ती कमरेच्या मणक्यापासून साधारण ४० सेंटिमीटर पुढे असते. तिला तोलणारे मणक्यामागचे स्नायू मात्र जेमतेम ५ सेंटिमीटर मागून ओढतात. अंतर आठपट, म्हणून जोरही आठपट लागतो: १५ किलोसाठी १२० किलो. वाकलेल्या धडाचं वजन त्यात धरलेलंच नाही. तीच बादली पायाजवळ ओढून अंगालगत, २० सेंटिमीटरवर धरली तर स्नायूंचं काम निम्म्यावर येतं. ‘पाठ अगदी सरळच ठेवा’ या मंत्राचा बाऊ फार होतो. उचलण्याच्या पद्धतीचं नुसतं शिक्षण देऊन कंबरदुखी टळते असं अभ्यासांत दिसलेलं नाही. वजन अंगाजवळ घ्यावं, उचलताना पिळवटून वळू नये, आणि दोन खेपांचं काम एका खेपेत उरकण्याची खुमखुमी सोडावी, एवढं पुरे.

तरीही उसण भरली, तर आत काय झालं? प्रामाणिक उत्तर असं, की शंभरातल्या सुमारे नव्वद जणांच्या बाबतीत नेमकं कोणत्या स्नायूचं, सांध्याचं की गादीचं दुखतंय हे तपासणीतही सांगता येत नाही. आजूबाजूचे स्नायू राखण करायला आवळून बसतात आणि माणूस वाकडा होतो. वेदना भयंकर असते, पण वेदना मोठी म्हणजे इजा मोठी, असं कमरेच्या बाबतीत ठरत नाही. बहुतेकांना काही दिवसांत उतार पडतो, दीड महिन्यात बरंचसं बरं वाटतं. पायाळू माणसाची कीर्ती इथेच तयार होते: दुखणं अगदी शिगेला पोचलं की आपण त्याच्याकडे जातो, आणि त्यानंतर ते तसंही उतरणारच असतं. नुसता पाय लावून घेतला तर बिघडत नाही. पायाला मुंग्या येत असताना कोणी कंबर पिळून ‘कट्‌’ आवाज काढू लागला, तर मात्र उठून यावं.

पूर्वी डॉक्टरच पंधरा-पंधरा दिवस फळीवर झोपवत. १९९५ मध्ये फिनलंडमध्ये हेलसिंकी शहराच्या कर्मचाऱ्यांवर झालेल्या अभ्यासाने त्याला चांगलाच धक्का दिला. नव्याने कंबर धरलेल्यांपैकी काहींना दोन दिवस अंथरुणावर ठेवलं, काहींना व्यायाम दिला, आणि काहींना सोसेल तेवढी रोजची कामं करत राहायला सांगितलं. सगळ्यात लवकर सावरले ते तिसरे. पहिला एखादा दिवस लोळून काढावा लागला तर काढावा. शेक घ्यावा, गुडघ्याखाली उशी घ्यावी. मग उठून घरात फिरायला लागावं.

‘मणक्यात गॅप पडलाय’ हे वाक्य ऐकलं की पेठेतला भलाभला पैलवान खचतो. एक्स-रेत दोन मणक्यांमधलं अंतर कमी दिसणं, एमआरआयमध्ये गादी सुकलेली किंवा थोडी बाहेर आलेली दिसणं, याला लोक गॅप म्हणतात. २०१५ साली अजिबात कंबर न दुखणाऱ्या ३,११० माणसांच्या तपासण्या एकत्र मांडल्या गेल्या. विशीतल्या ३७ टक्क्यांच्या गाद्या झिजलेल्या होत्या, पन्नाशीत ८० टक्क्यांच्या, ऐंशीत ९६ टक्क्यांच्या. पन्नाशीतल्या ६० टक्क्यांची गादी बाहेर आलेली दिसत होती, आणि त्यांना कसलाही त्रास नव्हता. केस पांढरे होतात तशा गाद्या सुकतात. म्हणून धोक्याची खूण नसताना पहिल्याच आठवड्यात एमआरआय काढला, तर हाती लागते ती बहुधा नवी भीती. ती भीती माणसाला वाकू देत नाही, न वाकल्याने स्नायू दुबळे होतात आणि मग कंबर खरोखरच लवकर दुखू लागते.

गादी खरोखर फुटून नसेवर दाबली, तर कळ नितंबातून मांडीमागून पोटरीत, पावलापर्यंत जाते. ही सायटिका. तीसुद्धा बहुतेकांची शस्त्रक्रियेविना निवळते, कारण बाहेर आलेला भाग शरीर हळूहळू शोषून घेतं. मात्र पायातली ताकद कमी होऊ लागली तर थांबायचं नाही.

सिझेरियनच्या इंजेक्शनची गोष्ट घरोघरी आहे, म्हणून जरा सविस्तर. ती बारीक सुई मज्जारज्जू संपतो त्याच्या खाली टोचतात. टोचल्या जागी काही दिवस ठणका लागतो, एवढं खरं. पण अशी सुई घेतलेल्या आणि न घेतलेल्या बायकांकडे पुढे काही महिन्यांनी पाहिलं, तर जुनाट कंबरदुखीत फरक आढळत नाही. खरी कारणं साधी आहेत. गरोदरपणात पोटाचे स्नायू ताणले जातात, नंतर कोणी त्यांना पुन्हा कामाला लावत नाही. रात्र-रात्र मान आणि पाठ वाकवून पाजायचं, मूल कडेवर घेऊन स्वयंपाक करायचा, आणि सव्वा महिन्याच्या शेक-शेगडीनंतर थेट अख्ख्या घराचं काम. दोष सुईला दिला की यातलं काहीच बदलावं लागत नाही.

आता थांबायचं कधी नाही ते पाहू. लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, दोन्ही पायांतला जोर गेला, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठं रुग्णालय गाठावं. संध्याकाळचा ताप, उतरत जाणारं वजन, रात्री पडूनही न थांबणारी वेदना असेल, तर मणक्याचा क्षय मनात धरायला हवा. आपल्याकडे तो दुर्मीळ नाही, पण औषधांनी बरा होतो. त्याचे उपचार सरकारी रुग्णालयात मोफत मिळतात, आणि सीपीआर रुग्णालय पेठेपासून लांब नाही. पूर्वी कर्करोग झालेला असेल तर नवी कंबरदुखी लगेच दाखवावी. आणि आजींना स्कूटरवर मागे बसवून खड्ड्यातून नेल्यावर त्यांच्या पाठीत कळ आली, तर ती उसण समजू नये. ठिसूळ झालेला मणका तेवढ्या हिसक्यानेही दबतो.

कंबर जपायची कशी, याचं उत्तर खरं तर तालमीत शिकवलं जातं. नव्या पोराला वस्ताद पहिल्या दिवशी हजार बैठका घालायला लावत नाही. वीस, मग पंचवीस, मग तीस. हाडं, स्नायू, गाद्या सवयीने भार घ्यायला शिकतात. गोंधळ होतो तो नंतर. तालीम सुटते, खुराक सुटत नाही. पंधरा वर्षं दुकानाच्या गल्ल्यावर बसलेला गडी गणेशोत्सवात मांडवाचे वासे उचलायला पुढे होतो आणि दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठत नाही. बायकांना तर ही पायरीपायरीची शिकवण कधी मिळालीच नाही. ओट्याला धरून दहा अर्ध्या बैठका, उताणं झोपून कंबर उचलणं, पालथं झोपून छाती वर करणं, एवढ्यावर कोणालाही सुरुवात करता येते. करताना थोडं दुखलं तर चालतं. दुसऱ्या सकाळपर्यंत ते आदल्या पातळीवर यायला हवं. आलं नाही तर एक पायरी खाली.

बाकीचं थोडक्यात. कंबरपट्टा एसटीच्या लांब प्रवासाला ठीक, रोजचा नको. अर्ध्या तासापेक्षा जास्त एका जागी बसू नये, मग खुर्ची कितीही महागाची असो. दुखण्याच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून, मोजक्या दिवसांपुरत्या. रक्तदाब, मधुमेह असणाऱ्यांच्या मूत्रपिंडाला त्या महागात पडतात. नाव नसलेल्या पुड्यांतून येणारी ‘वाताची पावडर’ तर घेऊच नये, तिच्यात स्टेरॉइड असू शकतं.

उसण पुन्हा भरू नये म्हणून सगळ्यात स्वस्त उपाय पेठेच्या अंगणात आहे. ऑस्ट्रेलियात एकदा कंबरदुखीतून बऱ्या झालेल्या ७०१ जणांचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना टप्प्याटप्प्याने चालण्याचा कार्यक्रम आखून दिला, त्यांचं दुखणं परत यायला लागलेल्या काळाचा मध्यक २०८ दिवस होता. ज्यांना दिला नाही त्यांचं ११२ दिवसांतच परतलं. उद्दिष्ट होतं सहा महिन्यांत आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चालण्यापर्यंत पोचण्याचं. पहिल्याच दिवशी रंकाळा तलावाला पूर्ण फेरा मारायची गरज नाही. संध्यामठापर्यंत जाऊन परत या. पुढच्या आठवड्यात पाच मिनिटं वाढवा.