लाकडाची लकाकी आणि लाखेचा प्रश्न

चंद्रपूर-गडचिरोलीच्या सागवानाची कीर्ती दूरवर पसरलेली आहे. मार्च २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी बल्लारपूरहून सागवान रवाना झाले. गृहमंदिर असो, कपाट असो वा मुलाची गिटार, लाकूड आपण पारखून घेतो. त्यावरील पॉलिश कशाचे, हे मात्र क्वचितच विचारतो.

जुन्या पद्धतीच्या पॉलिशचा आधार म्हणजे चपडी, अर्थात लाख. पळस आणि कुसुम वृक्षांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचे कीटक रस शोषून राहतात व स्वतःभोवती राळेचे कवच रचतात. त्या फांद्या खरवडून, कुटून, धुऊन आणि वितळवून चपडी तयार होते. त्यात असंख्य जीवांचा नाश होतो. ही चपडी स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्याने पातळ थर देतात. उत्तम स्पॅनिश गिटारवर आजही हेच पॉलिश चढते. श्रावकाने वर्ज्य मानलेल्या पंधरा कर्मादानांत ‘लाक्षावाणिज्य’ गणले आहे, त्यामागील कारण येथे स्पष्ट होते.

पर्याय याच मातीत आहेत. तांबूस रंगासाठी पाण्यात विरघळवलेला खैराचा काथ लावावा. काळसर छटा हवी असल्यास आधी हिरड्याचे पाणी व ते वाळल्यावर लोखंडाच्या गंजाचे पाणी लावावे. वरून विदर्भात पिकणाऱ्या जवसाचे तेल अगदी पातळ चोळून, जास्तीचे पुसून घ्यावे. कच्चे तेल सुकण्यास अनेक दिवस लागतात, म्हणून दोन थरांत घाई करू नये. चपडीसारखी आरशासमान चमक यात येत नाही. लाकडाचे रेषाजाल मात्र खुलून दिसते. गिटारच्या वरच्या फळीवर कोणताही थर जाड नसावा, अन्यथा कंपने दबतात.

दोन सावधगिऱ्या आवश्यक आहेत. तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून ठेवल्यास आपोआप पेट घेऊ शकतात. त्या उघड्यावर पसरून वाळवाव्यात. तसेच ‘वनस्पतिजन्य’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पॉलिशमध्ये मधमाश्यांचे मेण आणि जोडकामात प्राण्यांच्या कातड्या-हाडांपासून केलेला सरस नाही ना, याची खात्री करावी.

मालाचा भाव विचारताना त्याची उत्पत्ती विचारणे, हाही व्यापाऱ्याचा विवेकच होय. सुताराला काम सांगतानाच हा प्रश्न विचारावा. पॉलिश चढल्यावर विचारून उपयोग नाही.