प्रकाशकापुढे पुस्तकाची कल्पना मांडताना

वैद्यकीय व्यवसायात पंचवीस-तीस वर्षे काढलेल्या आपल्या मंडळींपैकी अनेकांच्या मनात एखादे पुस्तक घोळत असते. निवृत्तीनंतर ते लिहावे, पदरमोड करून छापावे आणि स्नेह्यांना भेट द्यावे, असा शिरस्ता. उरलेले गठ्ठे दवाखान्याच्या माळ्यावर जातात! मला दुसरा मार्ग अधिक रास्त वाटतो. कादंबरी बहुधा पूर्ण लिहूनच दाखवावी लागते. माहितीपर पुस्तकाचा मात्र आधी प्रस्ताव पाठविता येतो. काही प्रकाशक संपूर्ण हस्तलिखितच मागतात. तरीही प्रस्ताव लिहिण्याचे श्रम वाया जात नाहीत.

प्रस्ताव म्हणजे चार-पाच पानांचे टिपण. पुस्तक कशाविषयी, कोणासाठी, उपलब्ध पुस्तकांहून वेगळे काय, प्रकरणांची रूपरेषा, लेखकाचा अधिकार आणि सोबत एक पूर्ण लिहिलेले प्रकरण. आपण पदव्यांची यादी सविस्तर देतो आणि 'कोणासाठी' या प्रश्नाला 'सर्वांसाठी' असे उत्तर देऊन मोकळे होतो. तेथेच घोडे पेंड खाते.

'मधुमेह' हा विषय झाला, पुस्तक नव्हे. मधुमेहावर मराठीत पुस्तकांची वाण नाही. मग इंदूरच्या डॉक्टरने आणखी एक का लिहावे? परंतु सकाळी पोहे-जिलेबी, रात्री सराफ्यात फेरी आणि सणाला पुरणपोळी, अशा माळव्यातील मराठी घरात रक्तशर्करा कशी सांभाळावी, ही कल्पना झाली. तिला वाचक आहे, आणि या सबबी वर्षानुवर्षे ऐकलेला डॉक्टरच ती लिहू शकतो. 'पुण्यात हे कोण घेईल?' अशी शंका प्रकाशकाला येणारच. तिचे उत्तर प्रस्तावातच असावे: इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील मराठी वाचक, ग्रंथालये, मंडळे. डॉ. अभय बंग यांचे 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' २००० साली राजहंस प्रकाशनाने काढले. हृदयरोगाची माहिती इतरत्रही मिळते. येथे डॉक्टरच रुग्ण झाला आहे, आणि वाचक त्याचा हात धरून चालतो.

नमुना प्रकरण आपण रुग्णाशी बोलतो त्या मराठीत लिहावे. केसपेपरची भाषा नको.

एक पथ्य केवळ आपल्यालाच आहे. आपल्या व्यावसायिक आचारसंहितेच्या २००२ च्या विनियमांनुसार ओळख पटेल अशा रीतीने रुग्णाची हकिकत त्याच्या अनुमतीविना छापता येत नाही. नाव बदलले म्हणजे झाले, असे मानू नये. आपला समाज लहान. गल्ली, व्यवसाय आणि आजार एवढ्यावरून माणूस ओळखू येतो. विश्वासाने सांगितलेली गोष्ट शेजाऱ्याच्या हातातील पुस्तकात रुग्णाला वाचावी लागू नये. मी तर लेखी अनुमतीचाच आग्रह धरीन. सार्वजनिक आरोग्याविषयी स्वतःच्या नावाने लिहिण्यास हे विनियम मुभा देतात, मात्र स्वतःची जाहिरात होईल असे लेखन त्यांना मान्य नाही. सबब लेखक-परिचयात दवाखान्याच्या वेळा देऊ नयेत.

होकार आल्यावर करारपत्र नीट वाचावे. हक्क किती काळासाठी दिले हे त्यात लिहिलेले नसेल, तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार तो काळ पाच वर्षांचा धरला जातो. प्रदेश नमूद नसेल, तर केवळ भारत. मानधन, पुनर्मुद्रण, अनुवाद आणि ई-पुस्तक यांविषयीची कलमे सही करण्यापूर्वीच विचारून घ्यावीत.