राईनपाड्यानंतरचे तीन आठवडे

1 जुलै 2018. धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्याच्या पश्चिम डोंगरपट्ट्यातल्या राईनपाड्याचा रविवारचा आठवडे बाजार भरलेला. एसटीतून पाच माणसे उतरली. नाथपंथी डवरी गोसावी समाजातली, मूळ मंगळवेढा भागाकडची. पिंपळनेरला त्यांनी पाले टाकली होती, बायका-मुले तिकडेच होती. बाजार म्हणजे चार घरची भिक्षा एका ठिकाणी मिळण्याची जागा, म्हणून ते आले. त्यांच्यातला एकजण एका लहान मुलीशी बोलताना कोणी तरी पाहिले. पुढचे पोलिसांच्या नोंदीत आहे. मुले पळवणारी टोळी आल्याची ओरड झाली आणि बाजार अंगावर धावला. मारत मारत पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले, जमाव आत घुसला आणि तिथेच पाचांचा जीव गेला. सोडवायला आलेल्या पोलिसांनाही मार बसला. मारहाण चालू असताना मोबाइल वर धरलेले होते. संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओही फॉरवर्ड होऊ लागला.

त्याच रात्री मालेगावात लहान मूल असलेल्या एका कुटुंबावर असाच जमाव चालून गेला. तिथे पोलिसांना त्यांना वाचवता आले. धुळे-मालेगाव अंतर पन्नास-पंचावन्न किलोमीटरचे, आणि पहिली बातमी धड छापूनही आलेली नव्हती.

समाजमाध्यमे आणि अभिव्यक्ती स्वातंत्र्य यांवर आपल्याकडे लिहिले जाते ते बहुधा कोणाचे खाते बंद झाले, कोणाची पोस्ट उडवली या अंगाने. तो प्रश्न खोटा नाही. पण या विषयाचे खानदेशातले प्रकरण काढायचे तर ते राईनपाड्याचेच काढावे लागते. इथे कोणाची पोस्ट उडाली नाही. सगळे जसेच्या तसे पोहोचले.

काय पोहोचले होते? त्या दिवसांत व्हॉट्सअॅपवरून देशभर फिरणारा एक व्हिडिओ असा : गल्लीत मुले क्रिकेट खेळताहेत, मोटारसायकलवरून दोघे येतात, एका पोराला उचलतात आणि पसार होतात. हा व्हिडिओ कराचीचा. हरवलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या रोशनी हेल्पलाइन या संस्थेने जनजागृतीसाठी तो बनवून घेतला होता. मूळ व्हिडिओत ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि फलक धरतात की मूल पळवायला इतकाच वेळ लागतो, लक्ष ठेवा. कोणी तरी शेवट कापला. उरले ते फक्त अपहरण. ओळीने ठेवलेल्या मुलांच्या मृतदेहांचे एक छायाचित्रही फिरत होते. अवयवांसाठी मारलेली मुले, असे त्याखाली लिहिलेले. ते छायाचित्र सीरियातले, 2013 च्या रासायनिक हल्ल्यानंतरचे. कराची आणि दमास्कसमधून निघालेले तुकडे सुरत-नागपूर हायवेच्या आजूबाजूच्या गावांत येऊन ‘आपल्या भागातले’ झाले.

इंडियास्पेंडने इंग्रजी बातम्यांवरून मोजदाद केली, तर जानेवारी 2017 ते जुलै 2018 च्या सुरुवातीपर्यंत मुले पळवण्याच्या संशयावरून देशात 69 हल्ले आणि 33 मृत्यू निघाले. कारणांत स्वस्त इंटरनेटचे नाव पहिले घेतले जाते. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आले आणि रिचार्जचे गणित बदलले, हे खरेच. पण रिचार्ज तर सगळ्यांचेच झाले होते. मार मात्र सगळ्यांना खावा लागला नाही.

ब्रिटिशांनी 1871 च्या कायद्याने कित्येक जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला आणि तो कागदावरून पुसायला 1952 उजाडले. डवरी गोसावी महाराष्ट्राच्या भटक्या जमातींच्या यादीत येतात. भिक्षा मागायची आणि पुढच्या गावी जायचे, हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा क्रम. गावाला मात्र यादीतले बारकावे कळत नाहीत. शिवेबाहेर पाल पडले की कोंबडी चोरीला गेली तरी बोट तिकडेच. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या शकुंतला बानाजी आणि राम भट यांनी 2019 मध्ये भारतातल्या चार राज्यांत केलेल्या अभ्यासाचा अहवाल दिला, त्यात महाराष्ट्रही होता. त्यांचा निष्कर्ष थोडक्यात असा की असे संदेश पुढे पाठवणारे लोक अडाणी असतात म्हणून पाठवतात, हे पुरेसे उत्तर नाही. ज्या गटाविषयी मनात आधीच अढी आहे, त्याच्याविरुद्धचे काहीही पटते. या अभ्यासाला पैसा व्हॉट्सअॅपच्याच संशोधन निधीतून मिळाला होता. हा निधी कंपनीने जाहीर केला तो जुलै 2018 मध्ये.

आता त्या जुलैतली कंपनीची धावपळ. राईनपाड्यानंतर दोन दिवसांत केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने कडक शब्दांत खुलासा मागितला. हिंसेने आपण हादरलो आहोत, पण हे काम सरकार, समाज आणि कंपन्या यांनी मिळून करायचे आहे, असे कंपनीने कळवले. 10 जुलैला मोठ्या वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती आल्या, खोटी माहिती कशी ओळखावी याच्या दहा सूचनांसह. (ज्याच्या हातात अफवा मोबाइलवरून पडली, त्याला सावध करायला पेपर!) त्याच दिवसांत पुढे ढकललेल्या संदेशावर ‘फॉरवर्डेड’ अशी खूण दिसू लागली. आणि तीन आठवडे पुरे व्हायच्या आत कंपनीने जाहीर केले की भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, आणि फोटो-व्हिडिओच्या शेजारचे झटपट फॉरवर्डचे बटण निघेल. भारतातले लोक जगात सर्वांत जास्त फॉरवर्ड करतात, हेही तेव्हा कंपनीनेच सांगितले.

माझ्या मते या सगळ्या प्रकरणातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य हेच आहे. लोक काय लिहितात ते कंपनीला वाचता येत नव्हते. एप्रिल 2016 पासून संदेश पाठवणारा आणि घेणारा यांच्याशिवाय कोणालाही उघडता येत नाहीत अशा कुलपात जातात. पण किती वेगाने आणि किती लांब जातात, हे तिला दिसत होते. ती गती कमी करणारी कळही तिच्याच हातात होती आणि ती फिरवायला तीन आठवडेही लागले नाहीत. एक शब्द न वाचता, कोणाचे काही न खोडता, कोणाला गप्प न करता ते करता आले. बोलण्याचे स्वातंत्र्य एका माणसाला असते. एकाच बोटाने अडीचशे जणांच्या एकामागून एक ग्रुपांत तेच टाकण्याची सोय ही कंपनीने दिलेली सोय असते. ती काढून घेतल्याने कोणाचा हक्क गेला, असे निदान त्या वेळी कोणी म्हटल्याचे माझ्या वाचनात नाही. मग ती पाच बळी जाण्याआधी का काढली नाही? त्याच वर्षी मे-जूनमध्ये कर्नाटकात आणि आसामात माणसे मारली गेली होती. वापर वाढतो आहे, फॉरवर्ड वाढताहेत, हे धंद्याच्या भाषेत सुचिन्ह असते, दुसरे उत्तर मला सुचत नाही. कंपनीचे नीतिमत्तेचे पत्रक तपासण्यापेक्षा तिच्या बटणांची तारीखवार नोंद तपासावी, ती जास्त खरे बोलते.

एप्रिल 2020 मध्ये मर्यादा आणखी कसली : जो संदेश पाच हात फिरून आला आहे तो एका वेळी एकाच ठिकाणी. असे संदेश जगभरात 70 टक्क्यांनी घटले, असे कंपनीने नंतर सांगितले. ही घोषणा 7 एप्रिलची. 16 एप्रिलच्या रात्री पालघर जिल्ह्यात गडचिंचले गावाजवळ दोन साधू आणि त्यांचा गाडीचालक जमावाच्या हातून मारले गेले. टाळेबंदीत तिथे चोर आणि मुले पळवणारे फिरत असल्याची वदंता होती. कळ फिरवून वेग कमी होतो. ज्या पाड्यात अफवा तोंडी फिरते, तिथे कंपनीची कळ पोहोचत नाही, एवढे मान्य करूनच पुढे बोललेले बरे.

सरकारने धरलेला रस्ता वेगळा होता : पहिला पाठवणारा शोधा. 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत, 50 लाखांहून जास्त वापरकर्ते असलेल्या संदेशसेवांना न्यायालयाच्या किंवा अधिकृत आदेशावरून मूळ प्रेषक सांगावा लागेल, असे कलम आले. व्हॉट्सअॅप त्याच वर्षीच्या मे महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि एप्रिल 2024 मध्ये कंपनीच्या वकिलांनी तिथे सांगितले की कुलूप तोडायला लावले तर व्हॉट्सअॅप इथून जाईल. एकीकडे गोपनीयता, दुसरीकडे सुरक्षा, असा हा खटला मांडला जातो आणि प्रत्येक वेळी जमावाने घेतलेल्या बळींचा दाखला दिला जातो. तो दाखला जरा जवळून पाहा. राईनपाड्याच्या वेळी मूळ प्रेषक शोधला असता तर कोण सापडले असते? व्हिडिओ कराचीतल्या एका सेवाभावी संस्थेचा. नियमच सांगतो की मूळ प्रेषक परदेशी असेल तर भारतातला पहिला धरावा. म्हणजे ज्याने खरेच घाबरून भावाला पाठवला असेल, असा कोणी तरी. कुलूप मात्र सगळ्यांचे तुटले असते. त्यात बातमीदाराला माहिती देणारा कारकून आला आणि सावकाराविरुद्ध तक्रार करणारा शेतकरीही.

पहिला हात सापडत नाही म्हटल्यावर जवळचा हात धरायचा, ही आपली पोलिसी सवय. म्हणून 2018 नंतर गावोगावी नोटिसा निघाल्या त्या अॅडमिनच्या नावाने. खानदेशात ग्रुपचा अॅडमिन म्हणजे कधी पाणीपुरवठ्याच्या ग्रुपचा तलाठी, कधी केळीच्या भावाच्या ग्रुपचा एखादा रावेर-यावलकडचा बागायतदार. गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 1 मार्च 2021 रोजी निकाल दिला की सदस्याने टाकलेल्या मजकुराबद्दल, समान हेतू दाखवल्याशिवाय, अॅडमिनला जबाबदार धरता येणार नाही. अॅडमिन मजकूर आधी वाचत नाही, फक्त सदस्य घेतो आणि काढतो. निकाल छोटा, पण गावपातळीवर या विषयातला सर्वांत उपयोगी.

सरकारच्या हाती लगाम दिला की काय होते, याचा धडा महाराष्ट्राने आधी गिरवलेला आहे. नोव्हेंबर 2012 मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदवर फेसबुकवर चार ओळी लिहिणारी पालघरची तरुणी आणि ती पोस्ट ‘लाइक’ करणारी तिची मैत्रीण, दोघींना अटक झाली. त्यातूनच श्रेया सिंघल यांची याचिका उभी राहिली आणि 24 मार्च 2015 रोजी सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 66 अ रद्द केले. पुढे 2023 मध्ये केंद्राने खरे-खोटे ठरवणाऱ्या सरकारी सत्यशोधन कक्षाची तरतूद आणली. विनोदी कलाकार कुणाल कामरा आणि इतरांच्या याचिकांवर मुंबई उच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींचे मतभेद झाले, तिसऱ्या न्यायमूर्तींच्या, म्हणजे अतुल चांदुरकर यांच्या मतानंतर सप्टेंबर 2024 मध्ये ती तरतूद घटनाबाह्य ठरली. त्या कक्षाची व्याप्ती होती केंद्र सरकारच्या कारभाराविषयीचा मजकूर. सरकारबद्दल कोणी खोटे बोलले तर कक्ष धावणार होता. डवरी गोसाव्यांबद्दल बोलले तर तो त्याच्या कक्षेतच नव्हता.

कंपन्यांच्या देखरेखीचे गणितही तसेच. फेसबुकच्या माजी कर्मचारी फ्रान्सिस हॉगन यांनी बाहेर काढलेल्या तिथल्या कागदपत्रांवरून 2021 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने छापले की चुकीची माहिती ओळखण्याच्या कामाचा 87 टक्के वाटा एकट्या अमेरिकेसाठी राखलेला होता. हा आकडा अपुरा आहे, त्यात बाहेरच्या सत्यशोधक संस्था धरलेल्या नाहीत, असे कंपनीचे म्हणणे. पण कंपनीच्या स्वतःच्या कामातल्या उरलेल्या 13 टक्क्यांत सगळे जग, त्यात भारत, त्यात मराठी. अहिराणी गाण्यांना यूट्यूबवर कोटींनी प्रेक्षक मिळतात, जाहिरातीचे पैसे त्यावरही मिळतात. त्याच अहिराणीत कोणी विखार ओकला तर तो समजणारा माणूस या कंपन्यांत बसलेला आहे का, हा प्रश्न जळगावच्या कोणा खासदाराने विचारावा असा आहे.

एवढे ऐकून कोणी म्हणेल, मग काहीच खोडू नये का? त्याला माझे उत्तर जामनेर तालुक्यातले वाकडी गाव आहे. राईनपाड्याच्या तीनच आठवडे आधी, 10 जून 2018 रोजी, विहिरीत पोहली म्हणून दोन अल्पवयीन दलित मुलांना नागवे करून मारले गेले. व्हिडिओ काढला तो मारणाऱ्यांच्या बाजूनेच. तो पसरला नसता तर ही घटना जळगाव जिल्ह्याबाहेर कोणाला कळली असती, असे मला वाटत नाही. पसरला म्हणून अॅट्रॉसिटी आणि पॉक्सोखाली गुन्हा लागला, अटका झाल्या. तो पसरला म्हणूनच ती मुले देशभर पुन्हा पुन्हा नागवी झाली. राहुल गांधींनी तो ट्विटरवर टाकला तेव्हा राज्याच्या बालहक्क आयोगाने, मुलांची ओळख उघड केल्याबद्दल, त्यांनाच नोटीस काढली. नोटिशीत राजकारण होते की नव्हते, हा वाद तेव्हा झाला. कायदा मात्र स्पष्ट होता. चेहरे झाकून तोच व्हिडिओ दाखवता आला असता, अन्याय तेवढाच दिसला असता. काही वृत्तवाहिन्यांनी तसे केलेही. खरा मजकूर ठेवायचा आणि माणसाला झाकायचे, हे काम यंत्राला जमण्यासारखे होते आणि आहे. पण तक्रार आली की बहुधा ठेवा किंवा काढा एवढ्या दोनच खिडक्या उघड्या असतात. ऑगस्ट 2021 मध्ये दिल्लीतल्या एका बळी गेलेल्या मुलीच्या आईवडिलांचा फोटो टाकल्यावरून राहुल गांधींचेच खाते ट्विटरने काही दिवस कुलूपबंद केले. यंत्रणा तोवर जागी झाली होती, पण माणूस झाकण्याऐवजी खाते झाकण्याइतकीच.

2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत असाही नियम आला : एखाद्याचे अंग उघडे दाखवणारा मजकूर असेल आणि त्याने किंवा त्याच्या वतीने कोणी तक्रार केली, तर कंपनीने 24 तासांत तो काढायचा. कुलूपबंद ग्रुपांत हा नियम चालत नाही, तिथल्या प्रती ज्याच्या त्याच्या मोबाइलमध्ये आहेत. उघड्या ठिकाणी चालतो. वाकडीची ती मुले आता विशीत असतील. त्यांना हा हक्क वापरायचा तर मजकूर नेमका कुठे आहे, याचा पत्ता तक्रारीत द्यावा लागतो, आणि त्यासाठी तो व्हिडिओ आधी त्यांना किंवा त्यांच्या घरच्या कोणाला तरी शोधून काढावा लागतो.