साडेआठची नोंद

राष्ट्रीय बाल विज्ञान परिषदेत अनुभवी परीक्षक तक्ता शेवटी बघतात. आधी मागतात ती नोंदवही. तक्ता घरच्यांनी रंगवून दिलेला असू शकतो, भाषण पाठ करून घेतलेलं असू शकतं. पण रोज थोडी थोडी लिहिली गेलेली, पावसाने पानं फुगलेली वही एका रात्रीत तयार होत नाही. म्हणून परीक्षकांचा एक ठरलेला प्रश्न असतो : ‘‘बाळा, कोणत्या दिवशी नोंद राहिली?’’ ज्याने खरं काम केलंय, तो चटकन दिवस सांगतो, कारणही सांगतो. ताप होता, मामाकडे गेलो होतो, गच्चीला कुलूप होतं. ज्याच्या तक्त्यात एकही रकाना रिकामा नाही, त्याला आम्ही जास्त प्रश्न विचारतो.

ही परिषद १९९३पासून भरते. १० ते १७ वर्षांची मुलं आपल्या परिसरातला प्रश्न घेतात, मोजमाप करतात आणि मातृभाषेतही मांडू शकतात. महाराष्ट्रातल्या समन्वयाचं काम बरीच वर्षं ठाण्याच्या जिज्ञासा ट्रस्टने केलं. २०१४ आणि २०१५ या दोन वर्षांसाठी परिषदेने हवामान हाच मुख्य विषय ठेवला होता. शेती, आरोग्य, समाज, संस्कृती असे त्याचे उपविषयही होते. त्या दोन वर्षांत हवामानबदल हा विषय आमच्या कळव्यातल्या मुलांच्या हातात पुस्तकाबाहेरून आला. शिक्षक म्हणून मुलांबरोबर आणि परीक्षक म्हणून टेबलामागे बसून जे पाहिलं, त्यातून माझं एक मत पक्कं झालं. लहानांना ओळख द्यावी, मधल्यांना मोजमाप, मोठ्यांना कारणं आणि निर्णय. हा क्रम चुकला की मूल घाबरतं नाहीतर कंटाळतं.

चौथीचा वर्ग आणि निवट्या

प्राथमिक विभागासाठी एकदा एक तक्ता आला होता. वितळणारा बर्फ आणि त्यावर एकटं उभं असलेलं पांढरं अस्वल. तो कुठे लावायचा, यावर शिक्षकखोलीत चर्चा चालली असताना चौथीच्या बाई म्हणाल्या, ‘‘सर, ह्या मुलांनी अस्वल पाहिलेलं नाही आणि बर्फ पाहिलाय तो गोळेवाल्याच्या गाडीवर. खाडी दारात असताना उत्तर ध्रुवापासून कशाला सुरुवात करायची?’’

बाई मुलांना ओहोटीच्या वेळी खाडीकाठी घेऊन गेल्या. चिखलावर निवट्या उड्या मारत होत्या, तिवराची श्वसनमुळं पेन्सिली रोवल्यासारखी वर आली होती. वर्गात कधी तोंड न उघडणारा, खारेगावच्या आगरी घरातला एक मुलगा तिथे बोलू लागला. चिंबोरीचं बीळ कुठलं, कोलंबी कुठे मिळते, पाणी केव्हा वर येतं, हे त्याला सगळं ठाऊक होतं. बाईंनी त्या दिवशी त्यालाच गुरुजी केलं. परत आल्यावर मुलांनी काढलेली चित्रं वर्गात लागली. अस्वलाचा तक्ता माध्यमिकच्या प्रयोगशाळेत गेला.

हीच ठाण्याची खाडी. २०१५मध्ये तिचा एक भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२मध्ये तिला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. जगाने महत्त्वाची मानलेली पाणथळ जागा कळव्याच्या मुलाला शाळेतून चालत जाऊन पाहता येते. तिसरी-चौथीच्या परिसर अभ्यासाला याहून चांगला धडा कुठला?

याच वर्गातल्या एका मुलीने मोबाइलवर निळ्या रंगात बुडालेला मुंबई-ठाण्याचा नकाशा पाहिला होता. तिने विचारलं, ‘‘बाई, कळवा बुडणार का?’’ अशा वेळी ‘काही होत नाही’ म्हणून मुलीला गप्प करणारे शिक्षकही असतात आणि ‘हो’ म्हणून हादरवणारेही. बाई म्हणाल्या, ‘‘समुद्राची पातळी हळूहळू वाढतेय, हे खरं आहे. त्यावर खूप मोठी माणसं काम करतायत. आणि आपल्या किनाऱ्याची राखण ही तिवरं करतात, म्हणून ती तोडायची नाहीत.’’ खोटं सांगायचं नाही आणि मुलांच्या झोपेला धक्काही लावायचा नाही, हा नियम आमच्या प्राथमिक विभागाने त्या दिवसापासून पाळला.

गच्चीवरची बाटली

पाचवी ते आठवी हे वय मोजायचं. या वयात मुलांना आकडा स्वतःच्या हाताने मिळाला की त्यांचा त्यावर जीव जडतो. शाळेचा पर्जन्यमापक बनवायला शीतपेयाची रिकामी बाटली पुरते. वरचा निमुळता भाग कापून उलटा बसवायचा, म्हणजे नरसाळं तयार होतं. पण बाटलीचा तळ सपाट नसतो, हे कोणत्याच तक्त्यात लिहिलेलं नसतं. तळाशी खडे टाकायचे, बाटली सरळ होईल तिथपर्यंत पाणी भरायचं आणि तिथे शून्याची खूण करायची. कागदी पट्टी पहिल्याच सरीत विरघळते, म्हणून प्लॅस्टिकची फूटपट्टी बाहेरून चिकटवायची.

मुलांनी पहिली बाटली गच्चीवर पाण्याच्या टाकीजवळ ठेवली. एका कोरड्या दिवशीही तिच्यात पाणी दिसलं. सहावीच्या दोन मुलींनी सुट्टीत वर बसून पाळत ठेवली आणि टाकी भरून वाहिली की शिंतोडे बाटलीत पडतात, हे शोधून काढलं. आधीच्या सगळ्या नोंदींवर त्यांनी स्वतःच काट मारली. जिल्हा पातळीवर परीक्षकांना सगळ्यात जास्त आवडलं ते हेच काट मारलेलं पान.

भारतीय हवामान विभाग पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते साडेआठ असा धरतो. आपल्या नोंदीची सरकारी आकड्याशी तुलना करायची, तर वेळही तीच हवी. सकाळच्या अधिवेशनात साडेआठला गणिताचा तास चालू असायचा. रोज दोन मुलं वर्गातून उठून जाणार म्हटल्यावर गणिताच्या सरांनी हरकत घेतली. पोर्शन पुरा करायचा होता आणि घटक चाचणी तोंडावर होती. मुख्याध्यापकांनी आम्हा दोघांना समोरासमोर बसवलं. त्यातून असं ठरलं की मुलांनी आकडा आणून फळ्याच्या कोपऱ्यात लिहायचा आणि सरांनी सरासरीचं प्रकरण त्याच आकड्यांवर शिकवायचं. पुढे शनिवारी शाळा लवकर सुटायची, तेव्हा वहीची चौकशी गणिताचे सरच करू लागले.

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी. हे कळल्यावर मुलांनी मैदान पावलांनी मोजलं आणि एका रात्रीत त्यावर किती पिंप पाणी पडलं, याचा हिशेब केला. मग त्यांना २६ जुलै २००५चे आकडे दिले. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर, आणि त्याच दिवशी कुलाब्याला सुमारे ७४. एकाच शहरात एवढा फरक पडत असेल, तर कळव्याचा पाऊस कळव्यातच मोजायला हवा, हे मुलांना सांगावं लागलं नाही.

एका पावसाळ्याच्या नोंदीवरून ‘हवामान बदललं’ असा निष्कर्ष लिहायला मुलं निघाली, तेव्हा त्यांना थांबवलं. एका दिवसाची, एका वर्षाची हवा वेगळी. हवामान ठरवायला साधारण तीस वर्षांच्या नोंदी लागतात. त्यावर एका मुलाने काळजीने विचारलं, ‘‘सर, मग आम्ही शाळेतून गेल्यावर वही कुणाकडे द्यायची?’’ आजवर मुलांनी विचारलेल्या प्रश्नांत मला हा सगळ्यात मोलाचा वाटतो. त्या वर्षापासून सातवीची मुलं वही पाचवीकडे सोपवू लागली.

आठवीच्या विज्ञानात ‘प्रदूषण’ या पाठात हरितगृह परिणाम येतो. पृथ्वीभोवतीच्या वायूंची गोधडी जाड होत चाललीय, एवढं सांगितलं की मुलांना तो समजतो. पण उकाडा समजायला आम्ही दोन तापमापक घेतले, एकाच्या फुग्याला समईची ओली वात गुंडाळली. ओल्या वातीतलं पाणी उडून जातं आणि तो पारा खाली येतो. आमच्या दमट हवेत तो फारसा खाली येतच नाही. घामही असाच वाळत नाही, म्हणून शरीर निवत नाही. पारसिक डोंगराच्या उतारावर पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या मुलांनी हे तापमापक घरी नेले आणि दुपारी पत्र्याखाली काय होतं ते आकड्यांत आणलं. १६ एप्रिल २०२३ला खारघरच्या सोहळ्यात उष्माघाताने १४ माणसं गेली, त्या बातमीचा अर्थ या मुलांना ताबडतोब कळला. दुपारी आजीला बाहेर पाठवायचं नाही, हे त्यांनी घरी जाऊन सांगितलं.

तिथीला पाऊण

नववीच्या मुलांचा प्रश्न होता : विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी केव्हा तुंबतं? पाऊस तेवढाच असूनही कधी तुंबतं, कधी नाही. आम्ही भरतीचं छापील वेळापत्रक शोधत होतो, तेवढ्यात एका मुलीने तिच्या आजोबांना शाळेत आणलं. त्यांचा जन्म खाडीवर मासेमारीत गेलेला. त्यांनी खडू घेतला आणि म्हणाले, ‘‘तिथीला पाऊण लावा.’’ अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा. सहाच्या सुमाराला भरती. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. मुलांनी सरकारी तक्त्याशी ताडून पाहिलं. वेळ जवळपास जुळली. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण आणि अष्टमीची भांग यातला फरक आजोबांनी हाताने पातळी दाखवून सांगितला.

मग मुलांनी पाऊस, तिथी आणि तुंबलेलं पाणी असे तीन रकाने आखले. मुसळधार पाऊस उधाणाच्या भरतीच्या वेळेला आला, की नाल्याचं पाणी खाडीत शिरत नाही आणि रस्त्यावर येतं. समुद्राची पातळी वाढली तर अशा वेळा वाढतील, हे पुढचं पाऊल मुलांनी आपणहून टाकलं. परीक्षकांसमोर त्यांनी आजोबांचं सूत्र आधी मांडलं, वेळापत्रक नंतर.

सगळ्यात कठीण तास होता तो दरडीचा. १९ जुलै २०२१ला कळवा पूर्वेच्या घोलाईनगरमध्ये घरांवर दरड कोसळली आणि एकाच कुटुंबातले पाच जण गेले. दहावीला ‘आपत्ती व्यवस्थापन’ हा पाठ आहे. पण ज्या वर्गातली मुलं त्याच डोंगराच्या उतारावर झोपायला जातात, तिथे तो कसा घ्यायचा? आम्ही तीन गोष्टी ठरवल्या. दुर्घटनेचं एकही छायाचित्र दाखवायचं नाही. कुणालाही ‘तू तिथेच राहतोस ना’ असं विचारायचं नाही. आणि कारण एकच सांगायचं नाही. उतार कापला जातो, झाडं जातात, पाणी जिरायला वाट राहत नाही, स्वस्त घर दुसरीकडे मिळत नाही, आणि थोड्या वेळात प्रचंड पाऊस पडतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७मध्ये दाखवलं, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात व्यापक अतिवृष्टीच्या घटना जवळपास तिपटीने वाढल्या. हे सांगून आम्ही खुणांकडे वळलो : जमिनीला नवी भेग, तिरकं झालेलं झाड किंवा खांब, अचानक गढूळ झालेला झरा, घट्ट बसू लागलेलं दार. तासाच्या शेवटी मुलांनी शेजाऱ्यांसाठी खुणांची यादी मोठ्या अक्षरांत लिहून घेतली.

अकरावीतला वाद

अकरावी-बारावीला ‘पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा’ हा अनिवार्य विषय आहे. आतली गोष्ट सांगायची, तर अनेक ठिकाणी त्याची प्रकल्पवही एकाची बघून दुसरा उतरवतो आणि श्रेणी मिळते. एका वर्षी आम्ही वहीच्या जागी वाद ठेवला. विषय होता वीज. कळव्याचं ४०० केव्हीचं उपकेंद्र मुलं रोज बघतात. तिथे येणारी वीज कुठून निघते, हा पहिला प्रश्न. २९२० मेगावॅटचं चंद्रपूरचं औष्णिक केंद्र कोळशावर चालतं, १९६० मेगावॅटचं कोयना पाण्यावर. १९५८मध्ये हवेत कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत सुमारे ३१५ होता, आता ४२०च्या पुढे आहे. कोळसा बंद करा, असं एका गटाने ठणकावलं. तेव्हा कारखान्यातून नोकरी गेलेल्या कामगाराचा मुलगा उभा राहिला. ‘‘बंद करा, पण त्या दिवशी तिथल्या माणसाने संध्याकाळी घरी काय न्यायचं, तेही सांगा.’’ वर्ग शांत झाला आणि खरा अभ्यास तिथून सुरू झाला. भारतातल्या माणसामागे वर्षाला सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड, अमेरिकेतल्या माणसामागे सुमारे चौदा टन. कुणी किती कमी करायचं, कुणी आधी, खर्च कुणी द्यायचा, या प्रश्नांवर सोळा-सतरा वर्षांची मुलं मोठ्यांपेक्षा न्यायाने बोलली.

वेळापत्रकातली जागा

पर्यावरण हा विषय सक्तीने शिकवा, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९१मध्ये सांगितलं आणि २००३मध्ये पुन्हा बजावलं. राज्याने २०२०मध्ये ‘माझी वसुंधरा’ अभियान सुरू केलं. इटलीने शाळांत हा विषय ज्यात येतो त्या नागरिकशास्त्रासाठी वर्षाला किमान ३३ तास ठरवले, म्हणजे आठवड्याला साधारण एक. आपल्याकडे धडे आहेत, आदेशही आहेत. नाही तो तास. परीक्षा जवळ आली की पहिला बळी याच तासाचा जातो, आणि वर्षाची नोंद वृक्षारोपणाच्या एका छायाचित्रावर भागते. दोष एकट्या शिक्षकाचा नाही. त्याला हा विषय शिकवायला कुणी शिकवलेलं नसतं आणि शाळाबाह्य कामांचा ढीग त्याच्यासमोर असतो.

म्हणून मुख्याध्यापकांना विनंती आहे : आठवड्याला एक तास या विषयाला द्या आणि तो कुणालाही काढून घेऊ देऊ नका. पालकांना विनंती आहे : मुलाचा प्रकल्प तुम्ही करू नका, त्याला आजी-आजोबांकडे बसवा आणि प्रश्न विचारू द्या. आणि शिक्षक मित्रांनो, येत्या जूनमध्ये पहिल्या पावसाआधी शाळेच्या गच्चीवर एक बाटली ठेवा. तीस वर्षांची नोंद कुणीतरी पहिल्या वर्षापासूनच सुरू करावी लागते.