खरखरीच्या तळाशी

रात्री घाटमाथ्यावर गाडी कडेला घ्यावी आणि रेडिओसेटचं ‘स्क्वेल्च’चं बटण पार खाली फिरवावं. तोवर मुका बसलेला सेट एकदम खरखरू लागतो, तापल्या तव्यावर पाणी शिंपडावं तसा. नवखा माणूस घाईनं बटण पुन्हा वर नेतो. हॅम, म्हणजे परवाना काढून हौसेनं वायरलेस चालवणारी मंडळी, मात्र कान टवकारतात. स्क्वेल्च हा दारावरचा राखणदार. तो खरखर बाहेर ठेवतो, पण तिच्यासोबत आलेला क्षीण आवाजही परतवून लावतो. दार उघडलं, की कधी कधी त्या खरखरीच्या तळाशी कुणीतरी बोलत असतं.

तो आवाज किती क्षीण असतो? गाडीतला चांगला सेट ०.२ मायक्रोव्होल्टचा संदेशही समजेल इतपत ऐकवतो. म्हणजे एका वॉटचा अब्जावा भाग घ्यायचा, त्याचे पुन्हा दहा लाख तुकडे करायचे आणि त्यातला एकही पुरा हाती येत नाही, एवढी शक्ती! पलीकडच्या गाडीतून निघाले होते ५० वॉट. चारी दिशांना पांगत, डोंगरांवर आपटत, झाडांत मुरत इथवर पोचला तो हा कण. आणि त्यात माणूस ओळखू येतो.

मग आवाज आणखी वाढवला तर आणखी लांबचं ऐकू येईल का? नाही. आवाजाबरोबर खरखरही तेवढीच वाढते. ही खरखर येते कुठून? थोडी सेटच्या पोटातूनच. कुठल्याही उबदार वस्तूत इलेक्ट्रॉन अखंड चुळबुळत असतात. त्या चुळबुळीचा विद्युत आवाज बेल प्रयोगशाळेत जॉन जॉन्सन यांनी मोजला आणि हॅरी नायक्विस्ट यांनी त्याचं गणित मांडलं. दोघांचे निबंध १९२८ साली प्रसिद्ध झाले. त्याच प्रयोगशाळेतले कार्ल जान्स्की लांब पल्ल्याच्या रेडिओ-टेलिफोनला त्रास देणारा आवाज शोधत होते. त्यातली एक मंद, न थांबणारी खरखर आकाशगंगेतून येते, असं त्यांनी १९३३ मध्ये जाहीर केलं. घाटातल्या आपल्या सेटमध्येही तिचा वाटा आहेच.

उरलेला गोंगाट गाडीचा. पेट्रोल इंजिनाच्या स्पार्क प्लगची प्रत्येक ठिणगी हा छोटासा ट्रान्समीटरच असतो. म्हणून जाणकार आधी इंजिन बंद करतात. लांबचं ऐकायचं तर जवळचं शांत करावं लागतं.

दुसरी युक्ती आणखी नवलाची. आपल्याकडे हॅम मंडळींना मिळालेल्या १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात लहरीची लांबी साधारण दोन मीटर असते. थेट आलेली आणि कड्यावरून परतलेली लहर कुठे एकमेकींना बळ देतात, कुठे पुसून टाकतात. त्यामुळे हवेत आवाजाचे उंचवटे आणि खड्डे तयार होतात, अनेकदा एकमेकांपासून जेमतेम अर्ध्या मीटरवर. धावत्या गाडीत आवाज फडफडतो तो यामुळेच. थांबल्यावर तो हरवला, तर गाडी हातभर पुढे सरकवायची. हरवलेला माणूस परत येतो!

आणि तिसरी युक्ती उंची. या लहरी जवळजवळ नजरेच्या रेषेतच जातात, क्षितिजापलीकडे जरा वाकतात इतकंच. १,६४६ मीटर उंच कळसूबाईवरून समुद्रसपाटीच्या दिशेनं वाट मोकळी असेल, तर हे रेडिओ-क्षितिज सुमारे १६७ किलोमीटरवर जातं. खांद्याला लटकवलेला लहानसा सेटही तिथे मोठा होतो.

इंजिन बंद आहे, गाडी हातभर पुढे घेतली आहे आणि खरखरीतून कुणाचा तरी कॉलसाइन, म्हणजे वायरलेसवरची ओळख, उमटतो. आता माइक उचलायला हरकत नाही. लहर येताना वाटेत जेवढी विरते, तेवढीच जाताना विरते. त्याचा एक कण आपल्याला पुरला. आपलाही त्याला पुरेल, त्यानंही तिकडे इंजिन बंद करून कान लावला असेल तर.